बु, तुमचे दोन सेकंद

बु,

आज तुम्हांला जाऊन सात दिवस झाले. आमच्याकडे दहावा-तेरावा करतात, तुमच्याकडे तिसरा, सातवा आणि मग चाळिसावा. माणूस गेल्यावर दिवस मोजत बसायची खोड दोन्हीकडे सारखीच दिसते. तिसऱ्या दिवशी तुमच्या अवोन्डेलच्या घरी आलो होतो, आजही जाऊन आलो. दोन्ही वेळा दारात चपला काढल्या तेव्हा तुमचे निळे जँडल्स, इकडच्या रबरी चपला, तिथेच होते, डावा जरा पुढे. एवढी माणसं येऊन गेली, पण ते कुणी हलवले नाहीत.

हे मराठीत लिहितोय. चार वर्षं आपण इंग्रजीत बोललो. तुमचं जावाचं इंग्रजी आणि माझं चिंचवडचं. दोघांनाही ते अंगाला घट्ट व्हायचं, म्हणून आपण अर्ध्या गोष्टी हातवारे करून सांगायचो. आता तुम्हांला कुठलीही भाषा चालत असेल, निदान चालत नाही असं तुम्ही म्हणणार नाही. मराठीत तुमच्याशी बोलायचं तर आपोआप ‘तुम्ही’ येतं. तुमच्या वर्गातली मुलं तुम्हांला ‘बु लास्त्री’ म्हणायची आणि ‘बु’ म्हणजे काय हे तुम्ही मला समजावायला लागलात तेव्हा मी म्हटलं होतं, कळलं, आमच्या शाळेतल्या ‘बाई’. तुम्ही मला पाक शिरीष म्हणायचात, म्हणजे शिरीष सर. आमच्यात पाक साखरेचा करतात, असं मी सांगितल्यावर तुम्ही मुद्दाम वर्गासमोर तशीच हाक मारू लागलात.

एक सांगून टाकतो. मला अजून रडू आलेलं नाही. शाळेच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी स्टाफरूमच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होतो. सकाळी घरातच तुमचं सगळं संपलं, मेंदूत रक्तस्राव झाला, असं सांगितलं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेला कागद काढला. मग दोन पानं छापून बघितली, नीट येतात का. नीट आली. तेव्हापासून मी असाच आहे, सगळी कामं वेळेवर करतोय. घरी मानसी माझ्याकडे बघते आणि चहा ठेवते. तिच्या फार्मसीत अशी माणसं रोज येतात म्हणते, औषध नसतं त्याला.

तुम्ही अकरा-बारा वर्षांच्या मुलांना इंडोनेशियन शिकवायचात आणि मी त्याच शाळेचा कॉम्प्युटरवाला. चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका बाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, की इंडोनेशियन घेणारी मुलं कमी होताहेत, ह्या वर्षी काही वेगळं केलं नाही तर विषय बंद करावा लागेल. वेगळं म्हणजे टॅबलेट. चित्र दिसेल, बोट लावलं की शब्द ऐकू येईल, मग लाल बटण दाबून मुलांनी स्वतः बोलून दाखवायचं आणि ते तुमच्याकडे गृहपाठ म्हणून पोचेल. मी बनवायचं, तुम्ही बोलायचं. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, “पाक शिरीष, ह्या पाटीत मी मावेन ना?” मी म्हटलं, आरामात.

पहिलं रेकॉर्डिंग शाळेच्या संगीताच्या खोलीत करायचं मी ठरवलं होतं. तुम्ही आलाच नाहीत. चमचा, झारा, तांदूळ, मिरची हे शब्द स्वयंपाकघरात राहतात, तिथेच भेटतील, असं म्हणून तुम्ही मला घरी बोलावलंत. मी माइक, स्टँड, स्पंज असं लटांबर घेऊन आलो. दारातच तुम्ही विचारलंत, “सुदाह माकान?” जेवलास का. मी हो म्हटलं. काय जेवलास? सँडविच. “म्हणजे नाही,” म्हणालात आणि तळलेल्या टेंपेची, तुमच्याकडच्या सोयाबीनच्या वड्यांची, ताटली पुढे केलीत. माइक त्या दिवशी पिशवीतून निघालाच नाही.

नंतर तुम्हीच फोनवर रेकॉर्ड करून पाठवू लागलात. ‘सेंदोक’ म्हणजे चमचा, एका चमच्याला दीड मिनिट. आधी तुमच्या सपाता फरशीवर वाजायच्या. मग कढईत काहीतरी चरचरायचं. मग “हॅलो, अनाक-अनाक”, मुलांनो, जेवलात का, आज मी मिरची जास्त घातली, माझी लेक निंग असती तर रडली असती. मग एकदाचा चमचा यायचा, तीनदा, तिन्ही वेळा वेगळ्या चालीत. शेवटी डब्यातला क्रुपुक तोंडात टाकल्याचा आवाज. आमच्या पापडाचा हा तुमच्याकडचा जाडजूड भाऊ. त्याचा डबा घरीही असायचा आणि वर्गातल्या खणातही, वर्गात खायला बंदी असली तरी.

मी त्यातले दोन सेकंद ठेवायचो. नुसतं ‘सेंदोक’. मागची चरचर पुसायचो, श्वास कापायचो, आवाज सगळीकडे सारखा करायचो. शाळेचे टॅबलेट जुने, वायफाय रडकं, मोठ्या फाइली अडकतात, ही कारणं खरीच होती. पण खरं कारण माझा स्वभाव. मानसी म्हणते, ह्याने मेथी निवडली की भाजीपेक्षा कचरा जास्त निघतो. सहाशेच्या वर शब्द मी असे निवडले. प्रत्येक झाला की मला बरं वाटायचं.

तुम्हांला बरं वाटत नव्हतं. रविवारच्या अवोन्डेलच्या बाजारात आपलं भांडण झालं ते आठवतं? तुमच्या हातात कांगकुंग ह्या तुमच्या पालेभाजीच्या जुड्या, माझ्या हातात मेथी, आणि मध्ये लोकांची ये-जा. तुम्ही म्हणालात, “टॅबलेटमधली ही बाई कोण आहे? हिला भूक लागत नाही, सर्दी होत नाही. स्टेशनवर गाडी उशिरा येणार सांगतात ना, तशी बोलते. मुलं हिला घाबरणार नाहीत आणि हिच्यावर मायाही करणार नाहीत.”

“मुलांना शब्द कळला पाहिजे, बु. बाकीचं तुम्ही वर्गात आहातच की.”

“आणि नसले तर?”

“कुठे जाताय?”

भाजीवाल्या बाईंनी जुडी पिशवीत घालून दिली, तुम्ही ती परत काढून देठ बघितले. मग विचारलंत, “पण तू मूळच्या सगळ्या ठेवल्या आहेस ना? लांबलचक?”

“ऑफ कोर्स,” मी म्हटलं. “हीप्स ऑफ स्पेस आहे घरी.”

बु, मी खोटं बोललो. एका गोष्टीची एकच प्रत, नाहीतर गोंधळ होतो, हा माझा कामातला नियम आहे. दोन सेकंद कापून झाले की त्याच दिवशी मूळ फाइल पुसून टाकायचो. तुम्ही विचारलंत तेव्हा चारशेच्या वर पुसून झाल्या होत्या. त्या वेळी खरं सांगून निदान पुढच्या ठेवता आल्या असत्या. पण मग आधीचं विचारलं असतंत. म्हणून वेळ मारून नेली, आणि पुढच्याही पुसत गेलो, कारण नियम तो नियम. तुमच्या फोनवरही त्या नाहीत. तो कायम भरलेला असायचा, म्हणून पाठवून झालं की लगेच पुसायचं, हे मीच तुम्हांला शिकवलं होतं. शिकवलेलं नीट पाळणारी विद्यार्थिनी मला नेमकी तुमच्यात मिळाली.

त्यानंतर तुम्ही भांडला नाहीत. मूळच्या आहेत म्हटल्यावर तुमचं समाधान झालं होतं. मला वाटलं, मी जिंकलो.

तुम्ही गेल्यानंतरच्या शुक्रवारी तुमचा तास होता. बदली शिक्षिकेला इंडोनेशियनचा गंध नाही, म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी मला वर्गात थांबायला सांगितलं. टॅबलेट वाटले. कुणी हात लावेना. माझी ईराही त्याच वर्गात, खिडकीजवळ, तीही हात मांडीवर ठेवून बसलेली. शेवटी पहिल्या बाकावरच्या टाकानिनीहून येणाऱ्या मुलीने विचारलं, “सर, आर वी अलाउड टू प्रेस हर?” बु लास्त्रींना दाबलं तर चालेल का. मी म्हटलं, हो, नुसतं रेकॉर्डिंग आहे. मग त्यांनी बोटं लावली आणि वर्गभर तुमचा आवाज सुटला, मीठ, पाणी, चमचा, घर, सगळे दोन-दोन सेकंदांचे. माझं लक्ष एका टॅबलेटच्या खरखरणाऱ्या स्पीकरकडे होतं. तास संपल्यावर तो दुरुस्तीला बाजूला ठेवला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, निदान रेकॉर्डिंग आहेत तोवर विषय चालू ठेवू, पुढचं वर्षाअखेरीला बघू. तुम्हांला ज्याची काळजी वाटायची तो वर्ग तुमच्या दोन सेकंदांवर तूर्त तरला आहे. हेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसता आरोपीसारखा बोलत बसेन.

तिसऱ्या दिवशी निंग मला स्वयंपाकघराच्या दारात भेटली. वेलिंग्टनहून आलेली, नर्सच्या नोकरीची सवय असल्यासारखी सगळ्यांना खायला-प्यायला देत होती. तुमच्या फोनवर तिला काही सापडलं नव्हतं. व्हिडिओ आहेत, पण सगळ्यांत तुम्ही फोन धरून उभ्या आणि दुसऱ्याचा आवाज नीट यावा म्हणून स्वतः गप्प. निरोप तुम्ही कधी ठेवायचा नाहीत, उचलेपर्यंत फोन करायचात. ती म्हणाली, “ममने सांगितलं होतं, तुमच्याकडे सगळं आहे. स्वयंपाक करताना बोललेली. मला ते मिळेल का?”

तिथे तरी सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, “आहे. शोधून देतो.” एकदा खोट्याचं बोट धरलं की ते कुठपर्यंत नेतं, हे आमच्या आईने लहानपणी शंभरदा सांगितलं असेल.

चार दिवस शोधलं. जुना लॅपटॉप, शाळेचा सर्व्हर, त्याच्या मागच्या प्रती, ईमेल, पेन ड्राइव्हची बरणी. काम इतकं चोख केलेलं, की कुठेही काही उरलं नव्हतं. शनिवारी सकाळी न्यू लिनच्या घरी डायनिंग टेबलावर सगळं पसरून बसलो होतो. ईरा तिचं सीरियल खात होती.

“डॅड, काय शोधतोयस?” असं ती विचारत नाही, तुम्हांला माहीत आहे. ती म्हणाली, “डॅड, व्हॉट आर यू इव्हन लुकिंग फॉर?”

मी तिला सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. बारा वर्षांच्या मुलीला बापाने हे सांगावं का, ठाऊक नाही, पण दुसरं कुणी समोर नव्हतं. ती चमचा वाडग्यात फिरवत राहिली.

“माय होमवर्क हॅज हर,” ती म्हणाली. “मी स्टॉप दाबायला विसरते ना. यू ऑलवेज टेल मी ऑफ.”

खरंच होतं. वर्गात गृहपाठ रेकॉर्ड करताना ही पोरगी लाल बटण दाबायची, वाक्य म्हणायची आणि बंद करायला विसरायची. तिच्या फाइली इतरांच्या चौपट. मी तिला किती बोललो असेन त्यावरून. मुलांच्या ह्या फाइलींना मात्र मी कधी कात्री लावली नव्हती, कारण त्या फक्त तुम्हीच ऐकायचात. बाकीच्या मुलांच्याही आहेत, पण त्या माझ्या नाहीत. पालकांना विचारून त्या ठेवाव्यात असं मुख्याध्यापिका बाईंना लिहिलंय, नाहीतर वर्षाअखेरीला नियमाप्रमाणे पुसल्या जातील. ईराची सगळ्यांत लांब फाइल उघडली. तिचा आवाज आला आणि मागून तुमचा खोकला. मग “पलान-पलान, ईरा,” सावकाश. मी लगेच बंद केली. पुढचं ऐकलं नाही. का ते माहीत नाही, हात गेला खरा.

निंगला देऊ का म्हणून ईराला विचारलं. तिने थोडा विचार केला. “ओके. बट डोंट फिक्स मी.” माझ्या चुका दुरुस्त करू नकोस.

आज प्रार्थना झाली, लोक ओट्यावरचे जेवणाचे डबे घेऊन निघायला लागले, तेव्हा मी निंगला तुमच्या स्वयंपाकघरातच गाठलं आणि सांगितलं. मूळचं काही नाही. मी पुसलं. तुझ्या आईला ठेवलं म्हणून सांगितलं ते खोटं, तुला सांगितलं तेही खोटं. ती डब्यांना झाकणं लावत होती. लावत राहिली. मग म्हणाली, “तिने मावशीला फोन करून सांगितलं होतं. शाळेत एक माणूस माझं सगळं जपून ठेवतो.”

लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, एवढंच आहे, माझी मुलगी आहे त्यात, मागे त्या आहेत. मीही अजून पूर्ण ऐकलेलं नाही.

तिने ओले हात पुसले आणि फाइल लावली.

ईरा वाक्य म्हणत होती, “इबु साया... इबु साया मेमासाक...” माझी आई स्वयंपाकघरात स्वयंपाक करते. पुढे अडली. तुम्ही म्हणालात, पलान-पलान. तिने परत म्हटलं, परत अडली. वर्गात कुणाची तरी खुर्ची ओढली गेली. निंगने थांबवलं.

“ह्या मुलीचा आवाज काढता येईल का? फक्त मम राहील असं?”

ते मला येतं. बु, जगात मला एवढं एकच धड येतं. मी म्हटलं, “येईल. अर्धा तास लागेल.”

तिने मान हलवली आणि पुढे लावली. ईराने वाक्य एकदाचं पूर्ण केलं. “पिंतर,” तुम्ही म्हणालात, शाबास. मग तुमच्या दोघींची ती नेहमीची बोलणी सुरू झाली. सुदाह माकान? ईरा म्हणाली, नाह, ब्रेकला विसरले. खण उघडल्याचा आवाज, डब्याचं झाकण. मग ईरा कुजबुजली, “बु, इट्स स्टिल रेकॉर्डिंग.”

आणि तुम्ही हसलात. म्हणालात, असू दे. तुझा बाबा कापेल. तो सगळं कापतो, माझा श्वाससुद्धा कापतो. पण घरी सगळं ठेवतो हं, मी त्याला विचारलंय. मी म्हातारी झाले ना, की तुमच्या घरी येऊन बसेन आणि पहिल्यापासून ऐकेन. तू मला चहा करून दे.

ईरा म्हणाली, “स्वीट अ‍ॅज.” इकडच्या मुलांचं ‘चालेल की’.

निंगने माझ्याकडे बघितलं नाही. मीही टेबलावरच्या झाकणांकडे बघत होतो. तिने फाइल परत पहिल्यापासून लावली आणि उभ्या उभ्या सगळी ऐकली. मग लॅपटॉप बंद करून माझ्या हातात दिला.

“मुलीला काढू नका,” ती म्हणाली. “मम तिच्याशी बोलते आहे.”

तिने मला माफ केलं असं मला वाटत नाही आणि तसं मी मागितलंही नाही. तिने सगळ्यांना दिला तसा एक डबा मला दिला, ईरासाठी दुसरा. दारात चपला घालताना तुमच्या जँडल्सना माझा पाय लागला. ते होते तसे परत ठेवले, डावा जरा पुढे.

घरी येऊन मी डबा उघडला आणि जेवलो. मग फाइलीच्या प्रती केल्या. निंगसाठी एक, ईरासाठी एक, एक माझ्याकडे, आणि एक वेगळी, तिन्हींना काही झालं तर. प्रत करताना माझा तो प्रोग्रॅम सवयीने विचारतो, शेवटची शांतता कापू का. ईराच्या ‘स्वीट अ‍ॅज’नंतर आठ सेकंद कुणीच बोलत नाही. म्हणून मी ते आठ सेकंद नीट ऐकले. त्यात तुम्ही आणि ईरा क्रुपुक खाताय. आधी तुमचा मोडतो, मग तिचा. नंतर तुम्ही कुणाला तरी नुसतं ‘शूऽ’ करून गप्प बसवता आणि डब्याचं झाकण लागतं.

ते ठेवलंय, बु. ह्या वेळी खरंच ठेवलंय.